टेबलावरची जनावरं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाथफाइंडर अशा टेबलावर फाशांनी खेळायच्या गोष्टींच्या खेळांतल्या रेंजर (रानातला शिकारी) आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) या पात्रांबद्दल लिहिलं होतं. पत्रं मात्र बहुतेक त्यांच्या लांडग्या-अस्वलांबद्दल आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. ज्यांनी हे खेळ कधी खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढंच: डीएम गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि वीस बाजूंच्या फाशावर आपला बोनस मिळवून समोरच्याचा एसी (बचावाचा आकडा) गाठला की वार लागतो. ‘2डी4’ म्हणजे चार बाजूंचे दोन फासे. उत्तरं वाचण्याआधी आपल्या टेबलावर कोणत्या साली निघालेलं पुस्तक आहे ते बघून घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

ठाण्याहून एक वाचक विचारतात: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या प्लेयर्स हँडबुकप्रमाणे मी बीस्ट मास्टर (सोबती जनावर घेऊन लढणारा) रेंजर खेळतो. तिसऱ्या लेव्हलला माझा लांडगा सगळ्यांना भारी पडायचा. आता अकराव्या लेव्हलला तो दरवेळी पहिला आडवा होतो. माझा हिशोब कुठे चुकतोय?

हिशोब बहुधा बरोबरच असेल, नियमच तोकडा आहे. आकडे मांडून बघू. पुस्तकातल्या साध्या लांडग्याचा एसी 13, हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) 11, चावा +4 ने, इजा 2डी4+2. रेंजरचा प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलसोबत वाढणारा कसबाचा आकडा) त्याच्या एसीत, चाव्यात आणि इजेत वरून मिळतो. लांडग्याचा स्वतःचा +2 काढून टाकायचा नसतो. बरेच जण तो काढतात आणि जनावर विनाकारण दुबळं करून ठेवतात. हिट पॉइंट मूळचे किंवा रेंजरच्या लेव्हलच्या चौपट, जे जास्त ते. म्हणजे तिसऱ्या लेव्हलला एसी 15, चावा +6, इजा 2डी4+4, हिट पॉइंट 12. अकराव्याला एसी 17, चावा +8, इजा 2डी4+6, हिट पॉइंट 44, शिवाय एका हुकमात दोन चावे.

हे वाढलं. आता जे वाढत नाही ते बघा. चावा लागल्यावर समोरच्याला पाडायचा डीसी (उभं राहायला त्याने फाशावर गाठायचा आकडा) 11 आहे, तो शेवटपर्यंत 11 च राहतो. तरुण लाल ड्रॅगनचा स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवर निभावून नेण्याच्या फाशाचा बोनस) +6, म्हणजे फाशावर 5 आला तरी तो उभाच. सेव्हचंही तसंच: रेंजरचा बोनस जनावराला ज्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी आहे त्यातच मिळतो, आणि लांडग्याला ती एकातही नाही. त्याच ड्रॅगनच्या आगीच्या फुंकरीला डीसी 17 चा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह लागतो. लांडग्याचा +2, म्हणजे फाशावर 15 किंवा जास्त हवा. नाही आला तर सरासरी 56 ची इजा, आणि तुमच्याकडे आहेत 44. यात तुमची काही चूक नाही.

तिसरी अडचण ॲक्शनची, म्हणजे पाळीतल्या मुख्य कृतीची. हल्ल्याचा हुकूम द्यायला तुमची स्वतःची ॲक्शन जाते. पाचव्या लेव्हलनंतर त्यासोबत तुम्हाला एक वार करता येतो, एवढीच सवलत. सातव्याला बोनस ॲक्शनवर (पाळीतल्या जादा छोट्या कृतीवर) डॅश (धावणं), डॉज (वार चुकवणं), डिसएंगेज (पलटवार न खाता सटकणं) किंवा हेल्प (मदत) करवून घेता येतं, पण ज्या पाळीत जनावर हल्ला करत नाही त्याच पाळीत.

याच पुस्तकावर राहायचं असेल तर लांडग्याला एकटं पुढे धाडू नका. शत्रूपासून पाच फुटांत आपला कुणी धडधाकट माणूस असेल तर लांडग्याला चाव्यासाठी ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो, म्हणून त्याची जागा फायटरच्या शेजारी. फुंकर मारणारा किंवा फायरबॉल टाकणारा समोर असेल त्या दिवशी त्याला मागे ठेवून डॉज करू द्या. नंतरच्या शुद्धिपत्रानुसार हुकूम न दिलेलं जनावर आपोआप डॉज करतं. आणि शून्य हिट पॉइंटला जनावर मरतं की त्याला डेथ सेव्ह (मरणातून वाचण्याचे फासे) मिळतात, हे डीएमकडून कॅम्पेनच्या सुरुवातीलाच कबूल करून घ्या. रडारड सुरू झाल्यावर तो नियम कुणालाच धड ठरवता येत नाही.

डीएम तयार असेल तर खालच्या उत्तरातला नियम घ्या. आमचं मत विचाराल तर 2014 च्या लांडग्यासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही.

कोल्हापूरहून: ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकातला ‘प्रायमल कम्पॅनियन’ (रेंजरचं सोबती जनावर) आणि 2024 च्या हँडबुकातला एकच का? जमीन, पाणी, आकाश यांतलं कोणतं घ्यावं?

दिसायला एकच, पण वाढीचं कारण वेगळं आहे. 2020 च्या ताशामध्ये एसी 13 अधिक प्रोफिशियन्सी बोनस. तिसऱ्या लेव्हलला 15, नवव्याला 17, सतराव्याला 19. तुम्ही काही करा, न करा, तो वाढतोच. 2024 च्या पुस्तकात एसी 13 अधिक तुमचा विस्डम मॉडिफायर (शहाणपणाच्या गुणाचा बोनस), आणि इजेतही प्रोफिशियन्सीच्या जागी विस्डम. म्हणजे विस्डम +3 असेल तर एसी 16, आणि तो +5 होईपर्यंत 18 दिसणार नाही. दोन्हीकडे जनावराचा वार तुमच्या स्पेल अटॅकच्या (मंत्राच्या वाराच्या) बोनसवरच लागतो. त्यामुळे चौथ्या लेव्हलला गुण वाढवताना ताशावाल्यांनी डेक्स्टेरिटी आधी वाढवली तरी चालेल, 2024 वाल्यांनी विस्डमला हात घालावा.

जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या जनावराचे हिट पॉइंट 5 अधिक लेव्हलच्या पाचपट, आकाशातल्याचे 4 अधिक चौपट. अकराव्या लेव्हलला 60 विरुद्ध 48. शिवाय प्रत्येक सेव्हमध्ये तुमचा प्रोफिशियन्सी बोनस मिळतो. ठाण्याच्या वाचकांचा तोच ड्रॅगन इथे आणा: जमिनीवरच्या जनावराचा डेक्स्टेरिटी सेव्ह +6, म्हणजे निम्म्या वेळा तरेल, आणि नाही तरलं तरी सरासरी 56 सोसून 4 पॉइंटांवर जिवंत. फरक एवढा आहे.

निवड सोपी आहे. आघाडीला ढाल हवी असेल तर जमीन. आकाशातलं जनावर शत्रूच्या आवाक्यातून उडून जाताना पलटवार खात नाही, पण एका फटक्यातली इजा कमी. पाण्यातलं जनावर जमिनीवर एका पाळीत फक्त पाच फूट सरकतं, तेव्हा डीएमने जहाजं-समुद्र असं काही बोलून दाखवल्याशिवाय घेऊ नका. लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) प्रकार बदलता येतो, म्हणून फार डोकं खाऊ नये.

एक खोच लक्षात ठेवा. हुकूम बोनस ॲक्शनने द्यायचा आणि हंटर्स मार्क (शत्रूवर खूण करून जादा इजा देणारा मंत्र) हाही बोनस ॲक्शननेच टाकायचा. पहिल्या राउंडला दोन्ही जमत नाही. त्यावर तोड अशी: पाचव्या लेव्हलपासून दोन वार मिळतात, त्यातला एक सोडून त्याऐवजी जनावराला हल्ला करायला सांगता येतं. पहिल्या राउंडला मार्क, एक बाण आणि एक पंजा. दुसऱ्यापासून बोनस ॲक्शन मोकळी.

मेलं तर तासाभरात स्पर्श करून एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची ठरावीक संधी) खर्च करायचा, मिनिटभराने ते पूर्ण हिट पॉइंटांनिशी उठतं. मिनिट म्हणजे दहा राउंड. त्या लढाईत ते परत येणार नाही हे धरूनच चाला.

रत्नागिरीहून: माझ्या विझार्डचं घुबड कोणत्या लेव्हलला वाढतं?

वाढत नाही. फाइंड फॅमिलियर या मंत्राने आणलेल्या घुबडाला पहिल्या लेव्हललाही 1 हिट पॉइंट आणि विसाव्यालाही 1. हल्ला करायची त्याला परवानगीच नाही. त्याचा उपयोग हेल्प ॲक्शनपुरता: शत्रूवर झडप घातल्यासारखं करून मित्राला ॲडव्हांटेज द्यायचा आणि पलटवार न खाता उडून जायचं. मेलं तर 10 सोन्याची नाणी, एक तास, आणि दुसरं हजर. हा व्यवहार इतका स्वस्त आहे की वाढीची तक्रार करू नये.

बेंगळुरूहून एक मराठी वाचक: पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत माझ्या रेंजरच्या अस्वलाचा वार आठव्या लेव्हलला माझ्यापेक्षा फारच कमी वेळा लागतो. त्याच्यासाठी हँडरॅप्स ऑफ माइटी ब्लोज (नुसत्या अंगाच्या वारांना बोनस देणाऱ्या जादूच्या पट्ट्या) घेतले, तरी डीएम बोनस देत नाही.

डीएम बरोबर आहे. या खेळात सोबती जनावराला वस्तूंचे बोनस फक्त एसी आणि वेगासाठी चालतात. हँडरॅप्स विकून टाका.

पायझो कंपनीने 2019 ला काढलेल्या या आवृत्तीत जनावराची वाढ दोन वेगळ्या रस्त्यांनी होते, आणि घोटाळा तिथेच होतो. पहिला रस्ता फुकटचा: तुमची लेव्हल वाढली की त्याचीही मोजली जाते. दुसरा विकतचा: पिल्लू, मग मॅच्युअर (प्रौढ), मग निंबल (चपळ) किंवा सॅव्हेज (हिंस्र), मग स्पेशलाइज्ड (खास कसबाचं), आणि प्रत्येक पायरीला तुमचा एक क्लास फीट (लेव्हलला निवडायचं खास कौशल्य) जातो. ड्रुइडला या पायऱ्या चौथ्या, आठव्या आणि चौदाव्या लेव्हलला मिळतात, रेंजरला सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्याला. रेंजर कायम दोन लेव्हल मागे.

फुकटच्या वाढीने फसगत होते, कारण हिट पॉइंट फुगत जातात आणि जनावर वाढतंय असं वाटतं. एकही पायरी न घेतलेलं दहाव्या लेव्हलचं अस्वल बघा: हिट पॉइंट 88, वार +15, इजा 1डी8+3. त्याच लेव्हलला मॅच्युअर आणि सॅव्हेज दोन्ही घेतलेलं: हिट पॉइंट 108, वार +18, इजा 2डी8+9. हिट पॉइंटात फरक वीसचाच, पण सरासरी इजा साडेसातवरून अठरावर. फीट वाचवायला जाऊन लोक अस्वल घालवून बसतात.

तुमच्या आठव्या लेव्हलला मॅच्युअर अस्वलाचा वार 8 अधिक 2 अधिक 4, म्हणजे +14. तुमचा स्वतःचा, +1 रूनच्या (कोरलेल्या जादूच्या खुणेच्या) शस्त्रासह, +17. तीनचं अंतर. दहाव्याला सॅव्हेज झाल्यावर त्याचा +18, पण तोवर तुम्ही +2 रून घेऊन +21 ला पोचलेले असाल. अंतर तेवढंच. वारातली प्रोफिशियन्सी एक्सपर्ट या वरच्या दर्जाला जायला त्याला स्पेशलाइज्डपर्यंत थांबावं लागतं. हा बिघाड नव्हे, मुद्दाम ठेवलेली मर्यादा आहे.

म्हणून अस्वलाचा नेम सुधारायच्या मागे लागू नका, त्याला सपोर्ट करू द्या. तुमची एक ॲक्शन हुकमाला जाते, त्यात अस्वलाला दोन मिळतात: एकीत चालत शत्रूजवळ, दुसरीत सपोर्ट. मग तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत, त्याच्या आवाक्यातल्या शत्रूला तुमचा प्रत्येक वार लागला की वर 1डी8 ची इजा. सॅव्हेज किंवा निंबल झाल्यावर 2डी8. यात अस्वलाला फासा टाकावाच लागत नाही. वार तुमच्या +17 ने लागतो, त्यामुळे तीनचं अंतर आपोआप गळून पडतं. फ्लरीवाल्या (एका पाळीत जास्त वार करणाऱ्या) रेंजरचे एका पाळीत दोन-तीन वार लागले तर तेवढ्यांदा ही भर. अट एकच: सपोर्ट केलेल्या पाळीत अस्वलाला त्याखेरीज फक्त हालचाल करता येते, चावा नाही. आणि शत्रूच्या एका बाजूला अस्वल, बरोबर विरुद्ध बाजूला हातघाईवर लढणारा तुमचा साथीदार असं उभं राहिलात तर शत्रूचा एसी 2 ने उतरतो.

मॅच्युअर झाल्यावर हुकूम न देताही त्याला पाळीत एक ॲक्शन मिळते, चालायला किंवा वार करायला. ही ॲक्शन लोक सर्रास विसरतात.

आकार वाढतो तोही हिशोबात घ्या. अस्वल छोट्यापासून सुरू होतं, मॅच्युअरला मध्यम, सॅव्हेजला मोठं. आपल्यापेक्षा एक आकार मोठ्या सोबत्यावर बसता येतं, पण घोड्यासारखी खास सवारीची जात नसेल तर बसलेलं असताना त्याला एकाच पाळीत चालणं आणि सपोर्ट दोन्ही जमत नाही. अस्वलावर बसून मिरवायचं तर हा तोटा सोसावा लागेल.

सांगलीहून: लांडग्याला चिलखत घालता येतं का?

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत येतं आणि घालावंच, फक्त त्यावर रून कोरता येत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत जनावराचं चिलखत माणसाच्या चौपट किमतीला आणि दुप्पट वजनाचं: 50 नाण्यांचा चेन शर्ट 200 ला. पण लांडग्याला चिलखताची प्रोफिशियन्सी नसेल तर त्याच्या चाव्याला डिसॲडव्हांटेज लागतो, तेव्हा डीएमची संमती घेतल्याशिवाय पैसे मोडू नका. प्रायमल कम्पॅनियनला घालून काही मिळत नाही, त्याच्या एसीचं सूत्र आधीच चांगलं आहे.

नागपूरहून: आमचा ग्रुप अजून डंजन्स अँड ड्रॅगन्सची 3.5 आवृत्ती खेळतो. ड्रुइड सातव्या लेव्हलला आला. जुना लांडगा ठेवू की डायर वुल्फ घेऊ? आणि लांडगा झोंबीवर हल्ला करत नाही असं डीएम म्हणतो, ते खरं का?

2003 ची ही आवृत्ती जनावरांच्या बाबतीत सगळ्यांत उदार, आणि सगळ्यांत किचकट. तक्त्यात दर तीन लेव्हलनी पायरी आहे: तिसऱ्याला, सहाव्याला, नवव्याला, अशी. प्रत्येक पायरीला दोन हिट डाइस (हिट पॉइंट ठरवणारे फासे), नॅचरल आर्मर (कातडीचा बचाव) 2, स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटी एकेक. मोठं जनावर घ्यायचं तर लेव्हलमधून ठरावीक आकडा वजा करून तक्ता वाचायचा. डायर वुल्फला वजा 6, म्हणजे तुमचा सातव्या लेव्हलचा ड्रुइड त्याच्यासाठी पहिल्या लेव्हलचा.

सातव्याला जुना लांडगा 6 हिट डाइसचा, एसी 19, अंगात इव्हेजन (सेव्ह जमला तर झोताची इजाच न होणं) आणि डिव्होशन (मोहिनीच्या मंत्रांविरुद्ध जादा सेव्ह). डायर वुल्फही 6 हिट डाइसचाच, चावा +11, इजा 1डी8+10, पण एसी 14 आणि इव्हेजन नाही. दोघांच्या हिट पॉइंटात फार अंतर नाही, सरासरी 39 आणि 45. मारायला डायर वुल्फ, टिकायला लांडगा. नवव्या लेव्हलला डायर वुल्फ तक्त्यात तिसऱ्यावर येतो, त्याला इव्हेजन मिळतं आणि हिट डाइस 8 होतात. तिथून पुढे तो सरस. आम्ही नवव्याला बदलू. शिवाय तो मोठ्या आकाराचा, पाच फुटी भुयारात त्याला अंग चोरून चालावं लागतं आणि वार-एसी दोन्हीत 4 ची घट होते. तुमचा डीएम तळघरं-भुयारंच खेळवत असेल तर लांडगाच बरा. नवा सोबती आणायला चोवीस तासांची अखंड प्रार्थना लागते, ती गावात असतानाच उरकावी.

झोंबीचं म्हणाल तर डीएम खरं बोलतोय. ‘अटॅक’ ही शिकवण एकदा दिलेली असेल तर जनावर माणसांवर, माणसासारख्या राक्षसांवर, जायंटवर आणि इतर जनावरांवरच जातं. मेलेलं उठून चालतंय असल्या गोष्टीवर जायला तीच शिकवण दोनदा खर्च करावी लागते. हँडल ॲनिमल (जनावर हाताळण्याचं कसब) याचा डीसी 20, प्रत्येक शिकवणीला एक आठवडा. इंटेलिजन्स 2 असलेल्या जनावराला एकूण सहा शिकवणी बसतात, पण ड्रुइडच्या सोबत्याला तक्त्यातून मिळणाऱ्या वरच्या शिकवणी त्यात मोजत नाहीत आणि त्यांना वेळही लागत नाही. सातव्या लेव्हलला अशा तीन असतात. त्यातली एक दुसऱ्या ‘अटॅक’ला घाला, आठवडा वाचेल. नाहीतर ऐन वेळी डीसी 25 ला ‘पुश’ करत (न शिकवलेलं करायला भाग पाडत) बसावं लागतं. डायर वुल्फ घेतलात तर मात्र तक्त्यातली एकच मिळेल.

हेच सगळं पहिल्या पाथफाइंडरमध्ये, 2009 ला, सुटसुटीत झालं. तिथे जनावर बदलावं लागत नाही. लांडगा सातव्या लेव्हलला स्वतःच मोठ्या आकाराचा होतो, स्ट्रेंग्थ 8 ने चढते, कॉन्स्टिट्यूशन 4 ने, डेक्स्टेरिटी 2 ने उतरते.

पुण्याहून एक डीएम: पाच खेळाडू, तीन जनावरं, त्यात वाटेत सापडलेला कुत्रा. एक राउंड संपता संपत नाही. कुत्र्याचं काय करू? त्याला कुणाच्याच क्लासचा आधार नाही.

वेळ जातो तो आकडे शोधण्यात. प्रत्येक जनावराचं पोस्टकार्डाएवढं कार्ड करा. त्यावर एसी, हिट पॉइंट, तीन महत्त्वाचे सेव्ह आणि एकच वार, बोनस आधीच मिळवून लिहिलेला. लेव्हल वाढली की कार्ड नवं, खाडाखोड नको. वाराचा आणि इजेचा फासा एकदमच टाकायला लावा. मालकाची पाळी येण्याआधी हुकूम ठरलेला नसेल तर जनावर डॉज करतं, हा नियम हसतखेळत पण कडक पाळा.

कुत्र्यासाठी ताशामधले साइडकिकचे (ग्रुपसोबत फिरणाऱ्या दुय्यम साथीदाराचे) नियम आहेत. चॅलेंज (प्राणी किती भारी आहे तो आकडा) 1/2 किंवा त्याखालचा कुठलाही प्राणी चालतो. मॅस्टिफ हा मोठा कुत्रा 1/8 चा आहे. त्याला वॉरियर (लढवय्या) करा. बोलता येत नसल्यामुळे स्पेलकास्टर होता येणार नाही. तो ग्रुपच्या सरासरी लेव्हलने सुरू होतो आणि ती सरासरी वाढली की वाढतो. त्याला तंत्र शिकवा, खायला घाला, वाचवा. लेव्हल त्यानं वाढत नाही, हे खेळाडूंना आधीच सांगा. मॅस्टिफचे मूळ हिट पॉइंट 5, पुढे प्रत्येक लेव्हलला एक डी8 आणि कॉन्स्टिट्यूशनचा 1. पहिल्याच लेव्हलला अटॅकर निवडलात तर वारावर +2, डिफेंडर निवडलात तर त्याच्या शेजारच्या शत्रूने दुसऱ्या कुणावर केलेल्या वाराला डिसॲडव्हांटेज देता येतो. आमच्या मते डिफेंडर. कुत्र्याने मारलेले गोब्लिन कुणी मोजत नाही, आणि वाराचा फासा दुसऱ्याचा असल्यामुळे पाळीही लांबत नाही. सहाव्या लेव्हलला त्याला दुसरा वार मिळतो. तोवर कार्ड कुणाकडे राहील ते ठरवून टाका. दर सेशनला खेळाडू पाळीपाळीने चालवू लागले की कुत्र्याचे हिट पॉइंट किती उरलेत हेच कुणाला आठवत नाही, तेव्हा एकाच्याच हाती द्या, शक्यतो ज्याचं स्वतःचं पात्र सगळ्यांत सोपं आहे त्याच्या.